धनमचा डबा

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. सौम्यानं ते पायानं थांबवलं. आतल्या खोलीत सासूबाई झोपल्या होत्या आणि उद्या तिचा कायद्याचा शेवटचा पेपर होता. आंतरराष्ट्रीय कायदा. दुपारचे हे दोन तास तिनं घरकामातून कसेबसे काढले होते.

आठ वर्षांची रूपश्री तोंडात शंकरपाळी कोंबून, डबा मांडीवर घेऊन समोर बसली. म्हणाली, मी टीचर, तू धडा म्हण. सौम्यानं तिच्या कपाळावरच्या बटा मागे सारल्या आणि इंग्रजीतलं उत्तर तिला कळेल अशा मराठीत सांगू लागली. गेल्या वर्षी रवांडा नावाच्या देशात शंभर दिवस माणसं मारली गेली. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं. मोठ्या देशांना ठाऊक होतं, पण आपलं काही जळत नाही म्हणून ते गप्प बसले. आता कोर्ट नेमलंय. मारणाऱ्यांना शिक्षा होईलच, पण मदत करणाऱ्यांनाही. कुणाचं घर कुठलं ते दाखवणाऱ्यांनाही.

"त्यानं स्वतः मारलं नसलं तरी?"

"तरी," सौम्या म्हणाली. उत्तर तिला चांगलं पाठ होतं.

सासूबाई, तुंगाबाई, जाग्या झाल्या होत्या. दारात येऊन टेकल्या नि नातीला म्हणाल्या, तुझ्या आईला काय कोर्ट शिकवतेस गं, ही कॉलेजात जायच्या आधीपासून वकील. मग त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली, जी त्या प्रत्येक लग्नात, बारशात सांगायच्या. चार वर्षांपूर्वी कावेरीच्या पाण्यावरून कन्नड-तमिळ दंगलीत शहर पेटलं होतं. तेव्हा बिऱ्हाड श्रीरामपुरम भागात, माडीवर. मुलगा अनिलकुमार पीण्या भागातल्या कारखान्यात अडकलेला. तमिळांचं घर शोधत पन्नास माणसं रॉकेलचे कॅन घेऊन जिना चढून आली. तुंगाबाई देवापुढे हात जोडून बसलेल्या. सूनबाईनं दार उघडलं, रूपश्री कडेवर, आणि आवाज जराही न हलू देता कन्नडमध्ये चार शब्द बोलली.

"ई मने अल्ल, अण्णा." हे घर नव्हे, अण्णा.

बस्स. आमच्या केसालाही धक्का लागला नाही, तुंगाबाई म्हणाल्या.

या ठिकाणी सौम्या नेहमी खाली बघून हसायची. आज तिनं वहीत बघितलं.

या ठिकाणी रूपश्री नेहमी आईला मिठी मारायची. आज ती डब्यावर ठिपक्यांनी कोरलेल्या नावावरून बोट फिरवत होती. अक्षरं तमिळ होती, घरात कुणालाच वाचता येत नव्हती. हा तिथल्या शेजारच्या सेल्वीच्या अम्माचा ना, तिनं विचारलं. मग परत का नाही दिला?

द्यायचा कुणाला, अज्जी म्हणाली. शेजाऱ्याचा डबा रिकामा देऊ नये म्हणून ठेवून घेतला होता. तर सेल्वीची अम्मा, धनम, दंगलीच्या त्याच संध्याकाळी जळकं सामान आणि डोकं फुटलेला नवरा घेऊन गावी सेलमला निघून गेली. स्वल्प, थोडं तरी सांगून जायचं. इतक्या वर्षांचा शेजार.

सौम्यानं वही मिटली.

"आपलं दार," रूपश्रीनं एक बोट उघडलं. "सेल्वीचं दार." दुसरं उघडलं. बोटं तशीच धरून तिनं आईकडे पाहिलं.

"माडीवर आणखी कुणाचं दार होतं, आई?"