वजा करायचा भाग

चार वाजायला वीस मिनिटं होती आणि कागदावर चौकोन अजून काढलेला नव्हता.

क्ष-किरण दुर्बिणीसाठीचे अर्ज चारला बंद होणार होते. दुर्बीण नेणारा उपग्रह म्हातारा झाला होता. पुढच्या वर्षी तो चालू असेलच, असं कुणी लिहून देत नव्हतं. इटलीतल्या पालेर्मो वेधशाळेच्या या खोलीतून एकच अर्ज जाणार होता. सोबत आकाशाचं छायाचित्र जोडायचं आणि दुर्बिणीने नेमकं कुठे पाहायचं, तिथे एक छोटा चौकोन आखायचा.

छायाचित्रात डावीकडे फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष होता, उजवीकडे त्याच्याभोवतीचा वायू. तारा हा निन्फा स्कादुतोचा विषय, वायू गास्पारे लो व्हेर्सोचा. बावीस वर्षं दोघं समोरासमोर बसत. तिच्या शोधनिबंधांत वायू हा वजा करायचा भाग असे, त्याच्या निबंधांत तारा.

"मेलेल्याला किती दिवस कवटाळून बसणार आहेस?" गास्पारेने विचारलं.

"मेला असला तरी कोटभर अंश तापलाय," निन्फा म्हणाली. "तुझा ढग जिवंतपणीच गार पडलाय."

तिने उजव्या बाजूवर तळहात ठेवला. एवढं झाकलं की चित्र कसं स्वच्छ दिसतं ते बघ, म्हणाली. त्याने डाव्या बाजूवर ठेवला आणि तेच म्हणाला. मग कुणीच हात उचलेना. आधी उचलेल तो हरला, हे न बोलता ठरलं.

अर्ज पाठवायचं काम कार्यालयातल्या सिन्योरा क्रोचिफिस्साकडे होतं. ती दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा परवाच्या मृतांच्या सणासाठी आणलेली बदामाची मिठाई घेऊन आली, निदान खायला तरी हात सुटतील म्हणून. दोघांनी दुसऱ्या हाताने खाल्ली.

चारला चार मिनिटं असताना तिने निन्फाच्या केसांत खोचलेली पेन्सिल ओढून घेतली, वाकली आणि दोन तळहातांच्या मधे, पट्टी न लावता, चौकोन काढून टाकला.

दोघं बघत राहिली. ताऱ्याची कडा वायूला जिथे धडकत होती, तिथली पातळ, लखलखीत रेघ चौकोनात आली होती. ती दोघांच्याही निबंधांत कधी आली नव्हती.

"सिन्योरा," गास्पारेने हळूच विचारलं, "इथेच का?"

"तेवढीच जागा मोकळी होती," ती म्हणाली. "आता हात उचला."