बुजवलेला झरोका

ताईने स्वतः भिंतींत फोम भरून, गॅसचा हीटर बसवून भावाची जुनी व्हॅन थंडीत राहण्याजोगी केली होती. बर्फ पडू लागला म्हणून ती डोकावली, तर भावजय डोकं धरून बसलेली, बाळ गाढ झोपलेलं. छतातल्या झरोक्यात भावाने मफलर कोंबला होता. ताईने तो उपटून फेकला. “अगं, तिथून गार वारा येत होता,” भाऊ म्हणाला. “वारा यायलाच ठेवलाय तो, गाढवा! हीटर हवा खातो, विष सोडतो!” “ताई, तूच एवढी तापलीयस, आता हीटर कशाला?” तिने हीटर विझवला, सगळ्यांना बाहेर ओढलं आणि बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. बाळ हललं नाही. तिसऱ्या टिचकीला त्याने टाहो फोडला, तेव्हा भावाचं हसू विरलं. “थंडी वाजली तर लेकरू रडून उठवतं रे,” ताई कडाडली, “हे विष उठवत नाही.”