शब्दाला पक्के शेषराव

रांग पुढे सरकली तसा शेषरावांनी कठडा घट्ट धरला. समोर लाकडी रोलर कोस्टरचे खांब करकरत होते आणि वरून किंकाळ्या येत होत्या.

“बाबा, राहू द्या. मी एकटीच बसेन,” रेणुका म्हणाली.

“नाही. तू पाचवीत होती तवा संगं बसाचा शब्द देला होता तुले.”

नांदुऱ्याच्या जत्रेतला पाळणा लांबून पाहूनही या माणसाला गरगरायचं. तरी आज शेतातली भेंडीची तोडणी सोडून ते लेकीला हायवेवरच्या या पार्कात घेऊन आले होते. निळा ड्रेस घाल, असंही त्यांनीच सांगितलं. रेणुकाला भरून आलं. शब्दाला पक्के होते बाबा. पोलीस भरतीची लेखी परीक्षा महिन्यावर आली होती. “तू भरती होईस्तोवर तुले पाहाले घरात एकही पाहुणा येणार नाही,” असा शब्द त्यांनी दिला होता आणि दोन वर्षं पाळला होता. मैत्रिणींची लग्नं उरकली. रेणुका रोज सकाळी मैदानावर धावत राहिली.

मागे साखरखेर्ड्याची एक मावशी उभी होती. सोबत तिचा मुलगा सागर, तोंडातून शब्द न काढणारा. मावशीचा हात भरून आला म्हणून तिची जड पिशवी रेणुकानेच घेतली होती.

“काय भरलं मावशी यात? दगड?”

“देवाचं हाय, बाई. खाली नको ठेवू.”

मावशी भलतीच चौकस. दिसत नाही म्हणून तिने पाटीवरच्या सूचना रेणुकाकडून वाचून घेतल्या. पोरांची उंची मोजायच्या पट्टीपाशी तर हट्टच धरला.

“सँडल काढून उभी राय बरं.”

“एकशे पासष्ट,” रेणुका ऐटीत म्हणाली. “भरतीले पुरून उरते.”

मावशी सागरकडे पाहून हसली.

फलाटावर पिशवी परत घेऊन मावशी बाजूच्या जिन्याने खाली उतरली. सागर मागच्या सीटवर बसला. डबा चढू लागला तसे शेषरावांनी डोळे मिटले. रेणुकाने त्यांचा हात हातात घेतला. तो घामाने ओला झाला होता.

“मले माफ कर, बाई,” ते पुटपुटले.

“कशाबद्दल?”

तेवढ्यात डबा खाली कोसळला.

उतरल्यावर रेणुकाला हसू आवरत नव्हतं. “तुमच्यासारखा बाप नाही कोणाचा, बाबा!”

शेषराव वाकून चपलेचा पट्टा लावत बसले.

मावशी लगबगीने समोर आली. “शेषरावभाऊ, पोरगी पसंत हाय आमाले.” तिने पिशवीतून खण काढला, नारळ काढला. “ओढणी पसर, बाई. ओटी भरतो.”

रेणुकाने वडिलांकडे पाहिलं.

“घरात तं कोणी आलं नाही ना, बाई,” शेषराव पट्ट्याकडेच बघत म्हणाले.