मानाजीचा कान

नंदितानं नवऱ्याला अक्षरशः ओढतच मैलापूरच्या दवाखान्यात आणलं होतं. तांबरमपासून मानाजी बसल्या जागी पेंगत होता, आणि झोप का नाही घेत असं विचारलं, की म्हणे कानात सूं सूं चाललंय.

हे सूं सूं ऐकून ऐकून नंदिताच्या डोक्याला ताप झाला होता. वर्ष होत आलं. कारखान्यातल्या प्रेस मशीनचा आवाज म्हणे कानात घर करून बसलाय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बरं, उपाय करू द्यावा, तर तेही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोपताना खोलीत हलका आवाज चालू ठेवा. नंदिता इथल्या जवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर जाऊन मोबाईलमध्ये समुद्राच्या लाटा भरून घेऊन आली. या गृहस्थानं त्या दोन मिनिटांत बंद केल्या. का, तर त्या आवाजात दुसरं काही ऐकूच येत नाही! अरे बाबा, त्यासाठीच तर आणल्या होत्या. झोपेची गोळी दिली, ती उशीच्या अभ्र्यात सापडली. हॉलमध्ये शांत झोप म्हटलं, तर तिथे डास. डॉक्टरांकडे एकटाच जायचा आणि हात हलवत परत यायचा.

आणि तिला चिडायला तोंड नव्हतं, याचाच तिला जास्त राग यायचा. कारण तिचं स्वतःचं अंग झोपेत जखडायचं. जाग आलेली, डोळे उघडे, पण बोटसुद्धा हलत नाही, घशातून नुसती बारीक घुरघुर, छातीवर कुणीतरी बसलंय, आता श्वास संपणार. तंजावरच्या तिच्या सासूबाई त्याला अमुक्कुवान म्हणायच्या, म्हणजे माणसाला दाबणारं भूत, आणि तिच्या उशाशी झाडू ठेवायच्या. झाडूनं काही झालं नाही. कुणी पायाचा अंगठा ओढला, की मात्र ती सुटायची. मानाजी जागाच असायचा, त्यामुळे अंगठा लगेच ओढला जायचा. तिला त्याची फार लाज वाटायची. माझ्यासाठी जागलास तर कराडला आईकडे निघून जाईन, असं तिनं लग्नानंतर लगेचच बजावलं होतं. पण कानामुळे जागणाऱ्याला काय बोलणार?

गेल्या आठवड्यात मात्र हद्द झाली. मानाजी स्कूटरवर झोपला आणि दुभाजकावर आदळला. कोपर सोलपटलं तेवढ्यावर भागलं. मागून ट्रक आला असता तर? त्या दिवशी नंदितानं ठरवलं, आपलं काय व्हायचं ते होवो, हा माणूस झोपला पाहिजे.

डॉक्टर त्रिपुरसुंदरींनी मानाजीला तपासणीसाठी काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि दार लावून घेतलं. नंदिता पहिल्यांदाच त्यांना भेटत होती. तिनं सगळं भडाभडा सांगून टाकलं. लाटा, गोळ्या, डास, स्कूटर. हा ऐकेल तर शपथ, असंही म्हणाली. शेवटी तिनं हात जोडले.

"त्याला झोप लागेल असं काहीतरी द्या. माझं मी बघून घेईन."

डॉक्टरांनी काचेपलीकडे पेंगणाऱ्या मानाजीकडे बघितलं.

"कान तर पोंगलच्या आधीच बरा झाला त्याचा," त्या म्हणाल्या. "त्यानंतर तो दरवेळी येतो, ते झोप न येण्याचं औषध मागायला."