दुसरा मॉनिटर

बहिरूनं काउंटरखाली बायकोचं मनगट धरलं आणि पिळलं. दोन बांगड्या फुटल्या. काच फरशीवर पडली, तेवढाच आवाज झाला. दुकानदार शामसुंदरनं तो ऐकला आणि माउसची वायर सोडवत बसला.

"दोन मॉनिटर," बहिरू म्हणाला. "एकावर भाव, दुसऱ्यावर आलेख. ब्रोकरच्या हापिसात तसंच हाय. मी डोळ्यानं बघितलंय."

ब्रोकरच्या हापिसात जिन्याखाली जनरेटर पण होता. तो काही त्याला दिसला नव्हता. ज्याला पहाटे मळ्यातला झेंडू तोडायला हलवून उठवावं लागतं, त्याला जिन्याखालचं काय दिसणार!

शामसुंदरनं दोन मॉनिटर शेजारी शेजारी चालू करून ठेवले होते. दोन्हीकडं निळं आभाळ, दोन्हीकडं हिरवी टेकडी. पलीकडं सीपीयूचा पत्र्याचा डबा, आतलं दाखवायला झाकण काढलेला. घरी बसून शेअर घ्यायचे-विकायचे म्हणून हा सगळा थाट. ठरवलेल्या पैशात दोन मॉनिटर बसत होते, नाहीतर एक मॉनिटर आणि इन्व्हर्टर-बॅटरी. सगळं बसत नव्हतं. शामसुंदरनं हे एकदा सांगितलं होतं. गिऱ्हाईक नवरा-बायको असलं की सांगून बाजूला व्हावं, एवढी अक्कल त्याला होती.

"अहो, पण लाईट?" शुभांगी म्हणाली. मनगट अजून त्याच्याच हातात होतं. "घर मळ्यात, पाण्याच्या मोटारीच्या लायनीवर. एक आठवडा लाईट दिवसा, एक आठवडा रातची. रातीच्या आठवड्यात हे दिवसा चालू तरी होईल का? आणि दिवसाची मधीच गेली, तर घेतलेला शेअर विकायचा कसा? बॅटरी घेऊ."

"तुला कोणी विचारलं?"

"शेअरचा क्लास मी केलाय, म्हणून बोलते."

त्यानं मारलं. हात उघडाच होता, पण ताकद सगळ्या अंगाची. शुभांगी बाजूला फेकली गेली आणि तिचं तोंड सीपीयूच्या पत्र्याच्या धारेवर आपटलं. खालचा ओठ फाटला. रक्त पांढऱ्या कीबोर्डवर सांडलं, बटणांच्या फटीत उतरलं.

प्रिंटर बघत उभा असलेला एक शर्टपँटवाला गृहस्थ प्रिंटर तसाच ठेवून जिना उतरून गेला. शामसुंदरनं फडकं घेतलं. आधी कीबोर्ड पुसला.

दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बहिरूची आई बसली होती. नवसाबाई. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. घरात येणारी वस्तू मी बघितल्याबिगर येणार नाय, म्हणून मखमलाबादहून आलेली. आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

"बघ ना आई," बहिरू म्हणाला. "चार माणसांत तोंड चालवती."

नवसाबाई उठली. पिशवी खुर्चीत ठेवली. काउंटरवर मॉनिटरची एक जादा वायर पडली होती, काळी, जाड, तीन पितळी पायांच्या प्लगाची. ती तिनं उचलली, हाताला एक वेढा दिला आणि बहिरूच्या दंडावर ओढली. पितळ शर्टातून आत लागलं. दुसरा फटका मानेवर बसला, तिथं लगेच वळ उठला.

"आई!"

"चार माणसांत," नवसाबाई म्हणाली, आणि तिसरा दिला. "चार माणसांत तुझा हात चालतो. मग तिचं तोंड चालायला काय झालं रे?"

"मावशी, माल हाय! मावशी, सांभाळून!" शामसुंदर ओरडला. दोन्ही मॉनिटरच्या पुढं तो हात पसरून उभा राहिला. शुभांगीपुढं कोणी उभं नव्हतं.

बहिरूनं वायर पकडून हिसकली. म्हातारीच्या तळहाताची साल निघाली. मग त्यानं तिला ढकललं. ती मागं भिंतीवर आदळली, विजेच्या बोर्डापाशी. त्यानं हात वर उचलला.

नवसाबाईनं मान पण बाजूला केली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत बघत तिनं हात वर नेला, चाचपला आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. निळं आभाळ गेलं, हिरवी टेकडी गेली. शामसुंदरचे पसरलेले हात खाली आले.

"विक," नवसाबाई म्हणाली. "घेतलास ना शेअर? भाव पडतोय. विक आता. का रातच्या लायटीत भुतं येणारेत तुझ्याकडनं घ्यायला?"

दारातून दुपारचं ऊन आत आलं होतं. मॉनिटरच्या दोन काळ्या काचा उन्हात चकाकत होत्या. दोन्ही काचांत एकेक माणूस उभा होता. दोघांचा हात एकेका म्हातारीवर उचललेला होता. बहिरूची नजर तिकडं गेली आणि तिथंच राहिली. हात खाली घ्यायचं काही त्याला सुचेना.

शामसुंदरनं घसा साफ केला. "मग... काय देऊ, मावशी?"

"मला काय विचारतो? क्लास तिनं केलाय."

शुभांगीनं ओठाला लावलेला पदर काढून बघितला आणि पुन्हा दाबला. काउंटरपाशी आली. एका हातानं जमेना, म्हणून पदर सोडला, आणि उजवीकडचा मॉनिटर दोन्ही हातांनी धरून त्याचं तोंड भिंतीकडं फिरवलं.

डावीकडच्या काचेतला एकच बहिरू उरला. त्याचा हात अजून वरच होता.