आजोबा कुठे अडले?

नात आणि तिची मित्रमंडळी सगळ्यांना फुकट वापरता येईल असा कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा डेस्कटॉप बनवतात आणि त्यावरून ग्रुपवर रोज भांडतात. उतारवयात अक्षरं गिरवलेला मी त्यांच्या फार कामाचा; मी जिथे अडेन तिथे ते बदल करायचे. "आजोबा, आज कुठे अडलात?" अशी रोज विचारपूस व्हायची.

पुढे मला सगळं जमायला लागलं आणि विचारपूस थांबली. करमेना. म्हणून परवा, बटण डोळ्यांसमोर असताना, मी ग्रुपवर लिहिलं, "कॉम्प्युटर बंद कुठून करायचा? सापडत नाही बुवा." सगळे धावून आले, वादावादी झाली, आणि काल नातीने नवा डेस्कटॉप बसवून दिला.

"तुमच्यासाठी बटण हलवलंय, आजोबा. आता सापडतं ना?"

"लगेच!"



कॉम्प्युटर कालपासून चालूच आहे.