सांडूचं पान

सर्वपित्री अमावास्येला दुपारचे बारा वाजायला आले, तशी दगडाबाई हातात काठी घेऊन आपल्याच फाटकात आडवी उभी राहिली. मागं लिंबाखाली गाय बसलेली होती. आणि पुढं, चिकलठाण्याच्या नव्या कॉलनीतली निम्मी माणसं हातात झाकलेली ताटं घेऊन.

कॉलनीत गाय म्हणावी अशी तेवढी एकच. घरं सगळ्यांनी बांधली, गोठा कुणी बांधला नाही. पण पितरांच्या जेवणात गाईचा घास आधी. तो गेल्याशिवाय घरात कुणी पानावर बसायचं नाही. म्हणजे साऱ्या कॉलनीची खीर, वडे, भात, पुऱ्या एकट्या गाईच्या पोटात. आणि ते पोट तरी कसलं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ही गाय बंद कारखान्याच्या भिंतीशी पडलेली सापडली, तेव्हा तिच्या बरगड्या लांबून दिसत होत्या. पोटाखाली पोतं घालून चौघांनी उचलली, तेव्हा कुठं पायावर उभी राहिली. दगडाबाईनं तिला बाळंतिणीसारखं जपलं. कडब्याची कुट्टी, मूठभर हिरवं, कोमट पाणी, जखमांना हळद-तेल. गाय आपली आपण उठायला लागली.

मग पितृपक्षातल्या अष्टमीला कुण्या पुण्यवान माणसानं कुंपणावरून पुऱ्या अन् भात टाकला. संध्याकाळपर्यंत गाईचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. जनावरांच्या डॉक्टरनं नळी घालून वाचवली आणि जाताना बजावलं, "आजी, उपाशी राहिलेल्या पोटाला हे सगळं विष आहे. पुन्हा असं झालं तर मला बोलावू नका, उपयोग व्हायचा नाही."

"दगडाबाई, एवढासाच घास," शेजारच्या बंगल्यातल्या प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आमचे अण्णा उपाशी राहतील हो."

"बाई, तुमचा एक घास, ह्यांचा एक घास, असं करता करता गाय जायची. मग ते पाप कुणाच्या पितरांनी घ्यायचं?"

प्रमोदिनीबाईंनी तोंड फिरवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "धरम बुडवायला निघाली म्हातारी." हे दगडाबाईला लागलं. तिनं उभ्या जन्मात एक एकादशी मोडली नव्हती. पण काठी काही हलली नाही.

तेवढ्यात मोटारसायकल उभी करून बद्रीनाथ पुढं झाला. शेत प्लॉटिंगला गेलं तसे त्यानं बैल विकले, आणि भाकड झाली म्हणून ही गाय सोडून दिली. साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

"बाजूला सर, मावशी. माझ्या आप्पांच्या हातची गाय हाय ही. माझा घास कोण अडवतं बघू?"

"तुझी हाय व्हय? मग लई ब्येस झालं. दावं आण अन् घरला ने. रोज घाल घास."

बद्रीनाथनं हातातल्या ताटावरचं झाकण उगाचच नीट केलं. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं.

घरातून दगडाबाईची सून सारजा बाहेर आली. तिच्या हातात वाढलेलं केळीचं पान होतं. "आत्या, मामांचा घास," ती म्हणाली, आणि गर्दी बघून तिथंच थबकली.

आता बघू म्हातारी काय करते, हेच प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

दगडाबाईनं पानाकडं बघितलं. उडदाचे वडे, खीर, कढी, गवारीची भाजी. सगळं तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या, सांडूच्या आवडीचं. वडे तर पहाटे उठून तिनंच थापले होते, आणि हे पान शेवटी कुणापुढं ठेवायचंय, ते थापताना एकदाही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. सवयीनं हात चालले होते. सांडू जेवायचा तो ताट पुसून. शीतसुद्धा राहायचं नाही. त्या माणसाला वर्षातून एकदा वाढायचं, आणि तेही पुढ्यातून उचलायचं? सारं जग सोडून ही गाय माझ्याच पदरात का पडली, असं तिला वाटून गेलं.

तिनं काठी फाटकाला टेकवली. पान घेतलं, त्यातलं सगळं कावळ्यासाठी कुंपणाच्या भिंतीवर काढून ठेवलं. पान धुतलं. ओंजळभर कुट्टी आणून त्यावर वाढली, भोवती पाणी फिरवलं आणि गाईपुढं सरकवून हात जोडले.

"आवं, औंदा एवढंच हाय," ती म्हणाली. "गोड मानून घ्या."

गाईनं पान हुंगलं. मग जीभ काढून कुट्टी ओढायला लागली.

बद्रीनाथनं घसा खाकरला. "मावशी, मला बी मूठभर कुट्टी दे की. आप्पांच्या नावानं घालतो."

"ती तुझ्या घरून आण."

बद्रीनाथ मोटारसायकल वळवून निघून गेला. प्रमोदिनीबाईंनी आपलं ताट भिंतीवर ठेवलं आणि अण्णांच्या घासासाठी त्या आपल्या अंगणातली हराळी उपटायला गेल्या.

कुट्टी संपली तशी गाईनं पानाची कड दातांत धरली. पान ओढून घ्यायला सारजा वाकली.

"ऱ्हाऊ दे गं," दगडाबाई म्हणाली. "ताटात काही ठेवायची त्यांना सवयच नव्हती."